तेरा पूर्णांक एक तृतीयांश रुपयांचा दिनार

जहराच्या बाजारात तुम्ही आज दिनार मोजता. पण १९६१ पर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालायचा. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा ‘गल्फ रुपया’ काढला होता. १९६१ मध्ये दिनार आला, एका ब्रिटिश पौंडाच्या बरोबरीचा. पौंड २० शिलिंगांचा आणि रुपया दीड शिलिंगाचा, म्हणून एका दिनारला १३ १/३ रुपये.

आता असं समजा, त्या वर्षी एका कामगाराने निम्मा पगार घरी पाठवला, एक तृतीयांश खोली-खाण्यात गेला आणि हातात २० रुपये उरले. मग पगार किती?

क्ष − क्ष/२ − क्ष/३ = २०

अपूर्णांक बघून घाबरू नका. २ आणि ३ यांचा लसावि ६, म्हणून प्रत्येक पदाला ६ ने गुणा:
६क्ष − ३क्ष − २क्ष = १२०

वजा झालेलं दुसऱ्या बाजूला भरून द्या: ६क्ष = १२० + ५क्ष. या भरून देण्यालाच अरबीत ‘अल्-जब्र’ म्हणतात. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने आपल्या ग्रंथाच्या नावात तो शब्द घातला आणि त्यातूनच ‘अल्जिब्रा’ आला. आता दोन्हीकडून ५क्ष काढा. हे ‘मुकाबला’. उरतं क्ष = १२०.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त हेच गणित ‘इष्टकर्मा’ने सोडवायला शिकवलं. सोयीचा पगार धरा, समजा ६. त्यातून ३ आणि २ गेले, उरला १. आपल्याला हवेत २०, म्हणजे ६ × २० = १२०. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे.

आता पगाराचे दिनार करा. १३ १/३ म्हणजे ४०/३. ४०/३ ने भागायचं म्हणजे ३/४० ने गुणायचं: १२० × ३/४० = ९ दिनार. तेच कोणी ‘सोपं पडतं’ म्हणून १४ चा भाव लावला असता, तर साडेआठच्या थोडे वर मिळाले असते. सुमारे ४३० फिल्स गेले, म्हणजे पावणेसहा रुपये!

तो एक तृतीयांश म्हणूनच सोडायचा नसतो. आजीला ‘पाऊणकी’ येत होती का, हे पुढच्या फोनवर नक्की विचारा. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. एक रुपया ७५ फिल्सचा होता, म्हणजे शंभर फिल्सांचा पाऊणच. तिला उत्तर तोंडी आलं असतं.