दवाखाना कुणाचा?

दोस्तहो, गोंडपिपरीहून आष्टीकडं निघालं की वैनगंगा लागते. पलीकडं गडचिरोली जिल्हा. १९८२ पर्यंत तो चंद्रपुरातच होता. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात धम्मदीक्षा दिली, तोच हा मुलूख. इथला आदिवासी दवाखान्याची पायरी का चढत नव्हता?

प्रस्थापितांचं उत्तर ठरलेलं. अडाणी लोक, मांत्रिकाच्या नादी लागलेले. १९८६ साली राणी आणि अभय बंग हे डॉक्टर गडचिरोलीत आले. त्यांनी लोकांनाच विचारलं. लोक बोलले : मोठ्या इमारतीचं भ्याव वाटते. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात, आमच्यात पांढरं मढ्यावर घालतात. पेशंट आत, सोबतचे बाहेर, हे कसं?

मग धानोरा तालुक्यात शोधग्रामचा दवाखाना गोंडांच्या गावासारखा बांधला. नातेवाइकांना राहायला झोपड्या केल्या. नाव लोकांनी ठेवलं, माँ दंतेश्वरी. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्याला देवीचं नाव खटकेल. खटकू द्या. पण नाव ठेवायचा हक्क रुग्णाला मिळाला, ही गोष्ट साधी नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. १९९५ पासून ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्याच बाया शिकवून तयार केल्या. त्या घरोघर जाऊन नवजात बाळाचं वजन करायच्या, ताप मोजायच्या, जंतुदोष ओळखून इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. हजार जन्मांमागं महिन्याच्या आत ६२ बाळं मरायची. तीनेक वर्षांत तो आकडा २५ वर आला. १९९९ ला 'लॅन्सेट'नं हे छापलं. २०११ ला सरकारनं आशांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी देशभर सुरू केली.

याचा अर्थ काय? विद्या ही कुणाच्या बापाची मिरास नाही. हजारो वर्षं ज्यांच्या हाताला पोथी लागू दिली नाही, त्या हातांत सुई दिली आणि लेकरं जगली. बुद्धी कमी नव्हती, दार बंद होतं.

पण टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. एका संस्थेनं केलं म्हणून सरकार सुटत नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य, असं संविधानाचं ४७ वं कलम सांगतं. कोर्टात ते थेट बजावता येत नाही, म्हणून रस्त्यावर मागावं लागतं. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात जा. डॉक्टर किती, औषध काय, रात्री कोण असतं, विचारा. भीक मागायला नाही, हिशेब मागायला.

जय भीम.