शारदा सदन : वादाआड गेलेली शाळा

पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचे नाव निघाले की बोलणे धर्मांतराच्या वादावर जाते आणि तिथेच संपते. ती शाळा होती, हे बाजूलाच राहते. म्हणून कागद तारीखवार लावून वाचायला हवेत.

पहिला कागद शाळेच्या आधीचा. रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक 1887 साली फिलाडेल्फियात छापले गेले. त्याच्या शेवटी अख्खी योजनाच आहे : उच्चवर्णीय बालविधवांसाठी राहण्याची सोय असलेली शाळा, आपापले आचार पाळण्याची मोकळीक, आणि शिक्षिका किंवा परिचारिका होऊन बाईला स्वतःचे पोट भरता येईल असे शिक्षण. दयेपेक्षा रोजगाराची भाषा तिथे अधिक आहे. बालोद्यानाची फ्रोबेल-पद्धतही रमाबाई अमेरिकेतच शिकल्या.

त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनमध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे खर्च उचलण्याचे कबूल केले. शाळा कोणत्याही पंथाची नसेल, हे आधीच ठरले होते.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ सदन उघडले. समारंभाच्या अध्यक्ष काशीबाई कानिटकर होत्या. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. बंधू नरहरपंत जोशी यांनी तिला आणून घातले. केशवपन झालेली ही तरुण बाई इथे शिकू लागली. तिने पुढे सांगितलेले ‘माझे पुराण’ हा सदनाचा सर्वांत मोलाचा पुरावा आहे, असे मला वाटते. कारण अहवाल देणगीदारांसाठी असतो आणि अग्रलेख प्रतिपक्षासाठी, पण ही बाई स्वतः त्या वर्गात बसलेली होती.

1890 च्या अखेरीस सदन पुण्यात आले, ‘केसरी’च्या अंगणातच म्हणा ना. रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचे दार उघडे असे. मुली येत, कोणी अडवत नसे. टीकाकारांना एवढे पुरले. ऑगस्ट 1893 मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पंचविसेक मुली पालकांनी काढून नेल्या.

फसवणूक झाली होती का? इथे रमाबाईंचेच 1907 चे ‘अ टेस्टिमनी’ हे निवेदन उपयोगी पडते. बाप्तिस्मा 1883 चा. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नव्हे, ही जाणीव आणि त्यानंतरचा अनुभव त्या 1891 च्या सुमारास ठेवतात. म्हणजे बोस्टनशी बोलणी झाली तेव्हाच्या रमाबाई आणि पुण्यातल्या रमाबाई मनाने एकाच जागी नव्हत्या. माझ्या मते नियम मोडला गेला नाही. ज्या मनाने तो मान्य केला होता ते मन बदलले. सक्ती नव्हती, प्रभाव होता. रानड्यांना तो प्रभावही मुलींच्या पालकांना दिलेल्या विश्वासाशी विसंगत वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

गोदूबाईपुरते बोलायचे तर तो प्रभाव धर्मापर्यंत पोहोचला नाही. वाद पेटण्याच्या काही महिने आधी, 11 मार्च 1893 रोजी, तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी वर्गणी मागत फिरणाऱ्या बाया कर्वे त्या ह्याच.