सोपारा एका दिवसात: निघण्याआधी काय ठरवाल?

मुंबईहून सोपारा, गास, भुईगाव हा फेरा एका दिवसात सहज होतो. पण संशोधनासाठी जात असाल, तर आधी प्रश्न ठरवा.

१८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याच वर्षी त्यांनी 'बुरुड राजाचा कोट' खणला आणि आत स्तूप निघाला. नवव्या लेखाचा तुकडा मात्र १९५६ मध्ये भुईगावला सापडला. सोपाऱ्याहून तिकडे जाताना गास लागतं.

मग लेख मुळात कुठे होते? सोपाऱ्यात की भुईगावला? शोधलेला दगड दुसरीकडून आणलेलाही असू शकतो. म्हणून टिपणवहीत 'सापडल्याची जागा' आणि 'मूळ जागा' असे दोन वेगळे रकाने करा. दुसरा रिकामा राहिला तरी चालेल, अंदाजाने भरू नका.

दुसरं म्हणजे, स्तूपातल्या वस्तू मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. कोटावर फक्त स्तूपाचे अवशेष दिसतात. तेव्हा इंद्रजींचा अहवाल आधी वाचा, मग लोकल पकडा. गासवरून जाताना दोन्ही ठिकाणांमधलं अंतर स्वतः मोजा. नकाशावर ते किरकोळ वाटतं, पण दगड वाहून न्यायचा म्हटलं की त्याचा अर्थ बदलतो.