टचिंग

हल्ली कोणताही देखणा फोटो दिसला की शाळकरी मुलेसुद्धा पटकन "फोटोशॉप केलंय" असे म्हणतात. जाहिरातीतल्या बायकांच्या चेहऱ्यावर एक छिद्र नाही, एक सुरकुती नाही, कोपर आणि गुडघेसुद्धा चेहऱ्याइतकेच गोरे! हे सगळे कॉम्प्युटरने केलेले असते हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्यावर लेखही पुष्कळ येतात. पण त्यातल्या बऱ्याच लेखांचा सूर असा असतो की पूर्वी फोटो खरे होते आणि कॉम्प्युटर आल्यापासून ते खोटे बोलू लागले. मी अनेक वर्षे इतिहास शिकवला म्हणून म्हणा किंवा वयामुळे म्हणा, मला हे पटत नाही. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावात सगळीकडे वीजसुद्धा पोचलेली नव्हती, पण फोटोतला चेहरा गोरा करून देणारा माणूस मात्र होता.

त्या कामाला 'टचिंग' म्हणत. वडिलांचा आणि स्टुडिओवाल्या काकांचा घरोबा होता, त्यामुळे मला आत बसून बघायला मिळे. खिडकीपाशी एक उतरते मेज असे. त्याच्या मधोमध चौकोनी भोक पाडून घाशीव काच बसवलेली आणि खाली आरसा. आरशातून उजेड वर येई आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळे. मग काका कापसाच्या बोळ्याने निगेटिव्हवर एक राळेसारखे द्रावण अगदी पातळ चोळत, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागावर पेन्सिल धरते. पेन्सिल कडक शिशाची आणि तिचे टोक इतके लांब की ते शिवणाच्या सुईसारखे दिसे. हे टोक ते पॉलिश कागदावर घासून काढत. त्या टोकाने चेहऱ्यावर स्वल्पविरामाएवढ्या बारीक बारीक रेघा.

निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते, हे आता डिजिटलच्या काळात सांगावे लागते. आपल्या चेहऱ्यावर जिथे सुरकुतीची सावली, तीळ, वांग किंवा देवीचा व्रण असेल तिथे निगेटिव्ह पातळ, पारदर्शक असते. तिथे पेन्सिलीचे शिसे भरले की छपाईत प्रकाश अडतो आणि कागदावर ती जागा पांढरी येते. म्हणजे काळ्या पेन्सिलीने रेघ ओढायची आणि माणूस गोरा व्हायचा! पेन्सिलीला दुसरे काही येतच नव्हते. एखादी जागा अधिक काळी करायची असेल तर धारदार पात्याने वरचा थर खरवडावा लागे. ते काम फार जोखमीचे, हात जरा जड पडला की निगेटिव्ह गेलीच. त्यामुळे रोजच्या धंद्यात टचिंग म्हणजे उजळणे असाच अर्थ झाला होता.

ही विद्या काही आमच्या काकांनी शोधलेली नाही. १८३९ साली दागेरच्या फोटोग्राफीची घोषणा झाली आणि पुढची पंधरा-सोळा वर्षेही उलटली नाहीत तोच निगेटिव्हवर हात चालवणे सुरू झाले. म्युनिकचा फ्रान्झ हान्फश्टेंगल याने १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एकाच निगेटिव्हचे दोन फोटो शेजारी शेजारी मांडले, एक जसाच्या तसा आणि दुसरा हात फिरवलेला, आणि ते बघायला गर्दी लोटली असे सांगितले जाते. पुढे युरोपातल्या मोठ्या स्टुडिओंतून या कामासाठी पगारी माणसे बसू लागली. गिऱ्हाईक बाई असेल तर कंबरसुद्धा दोन्ही बाजूंनी कापून बारीक केली जाई. आपल्याकडे मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. म्हणजे ही कला आपल्याकडे काही उशिरा आली नाही.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. त्या काळच्या फोटोच्या काचा फक्त निळा-जांभळा प्रकाश नीट टिपत. तांबडा आणि पिवळा त्यांना जवळजवळ दिसतच नसे. परिणामी गोऱ्या माणसाच्या गालावरची फिकट तांबूस वांगसुद्धा फोटोत काळी कुळकुळीत उमटे, आणि आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या माणसांचे तर विचारूच नका. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेलने काचेवरच्या रसायनात विशिष्ट रंग मिसळून ही खोड थोडी कमी केली, पण सगळे रंग टिपणाऱ्या काचा आणि फिल्म यायला विसावे शतक उजाडले. तेव्हा टचिंगची सुरुवात निव्वळ लबाडीतून झाली असे मी म्हणणार नाही. यंत्र जे काळे करत होते ते माणूस पुसत होता. पण यंत्र सुधारले तरी माणसाचा हात थांबला नाही, तो पुढेच जात राहिला.

आणि यंत्रही सुधारले म्हणजे कुणासाठी सुधारले? रंगीत फोटो आल्यावर कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवत असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्लीचा चेहरा बरोबर आला की यंत्र बरोबर! काळ्या माणसांचे चेहरे त्यात कसे येतात हे बरीच वर्षे कुणी पाहिलेच नाही. पुढे फिल्ममध्ये तपकिरी छटा नीट येऊ लागल्या त्याला एक कारण लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्यांच्या तक्रारी हे होते, असे कोडॅकमध्ये काम केलेल्या लोकांनीच नंतर सांगितले आहे. चॉकलेटचा रंग चुकला म्हणून तक्रार झाली, माणसाचा चुकत होता तोवर चालले. असो.

आता घरचे उदाहरण. ताईला विचारूनच लिहिते आहे. तिने ऐंशी ओलांडली आहे. "लिही, आता काय मला कुणी बघायला येणार आहे?" असे म्हणाली.

ताई सावळी. नाकीडोळी नीटस, आवाज गोड, पण सावळी. १९६६ साली तिचा 'दाखवायचा' फोटो काढला. टचिंगचे पैसे वेगळे पडत, ते अण्णांनी दिले. फोटो आला तेव्हा आम्ही भावंडे हसलो, कारण ही कोण नवीनच मुलगी आली असे वाटले. आई मात्र हसली नाही. तिने तो पत्रिकेबरोबर पाकिटात घातला. साताऱ्याकडची मंडळी आली, पोहे-चहा झाला, ताईने प्रश्नांची उत्तरे दिली, आणि निघताना त्यातल्या एक वयस्क बाई उंबऱ्यातच आईला म्हणाल्या, "फोटोत उजळ वाटली होती हो." बस्स, एवढेच. नंतर पोस्टकार्ड आले ते 'पत्रिका जमत नाही' असे.

अण्णा तत्त्वाचे. त्यांनी काकांकडून टचिंगशिवायचा फोटो छापून घेतला. काका म्हणाले, "अण्णा, असा फोटो कुणी पाठवत नाही." आणि ते खरेच ठरले. त्या फोटोला वर्षभर उत्तरेच आली नाहीत. टचिंगचा फोटो पाठवावा तर माणसे येऊन परत जातात, न केलेला पाठवावा तर येतच नाहीत! शेवटी ताईचे लग्न जमले ते आत्याच्या ओळखीने. त्या लोकांनी तिला एका मुंजीत वाढताना पाहिले होते, फोटो मागितलाच नाही. संसार छान झाला. पण आजही घरातल्या समारंभाचे फोटो निघाले की ती मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड उभी असते. नातवंडे ओढून पुढे आणतात, ती पुन्हा मागे जाते.

म्हणून "जाहिरातीतले फोटो कोण खरे मानतो?" असे कुणी म्हणाले की मला त्याच्याशी वाद घालावासा वाटतो. प्रश्न नुसता मानण्याचा नसतो. आजूबाजूचे सगळेच फोटो उजळ असले की न उजळलेला चेहरा उणा दिसू लागतो.

जाहिरातवाल्यांनी ही नस फार आधी ओळखली होती. मुंबईच्या पाटणवाला यांचे 'अफगाण स्नो' १९१९ पासून बाजारात आहे. आमच्या घरीही त्याची निळी बाटली असे, आणि ताईच्या त्या पोह्यांनंतर ती जरा लवकर संपू लागली होती. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत आल्या, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय नटी. त्याआधी तिथे हॉलिवूडच्या तारका असत. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली आणि चेहऱ्यांची ती प्रसिद्ध पट्टी घराघरात पोचली, डावीकडे सावळी आणि उजवीकडे येत येत गोरी. एका जाहिरातीत तर मुलगा नाही म्हणून हळहळणारे वडील आणि क्रीम लावून हवाई सुंदरीची नोकरी मिळवणारी मुलगी होती. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या आणि २००३ मध्ये ती प्रकरणे सरकारपर्यंत गेली, जाहिराती बंद झाल्या. क्रीम चालूच राहिले. २०२० मध्ये नावातला 'फेअर' जाऊन तिथे 'ग्लो' आला.

फोटोशॉपचा जन्म मात्र सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानात झालेला नाही. टॉमस नॉल हा मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणारा विद्यार्थी, त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या ट्रिक फोटोग्राफीत. वडील प्राध्यापक आणि हौशी फोटोग्राफर, घराच्या तळघरात त्यांची डार्करूम होती. तिथे शिकलेली कामे दोघांनी कॉम्प्युटरवर आणली आणि १९९० च्या फेब्रुवारीत अडोबी कंपनीने ती बाजारात आणली. त्यातल्या 'डॉज' आणि 'बर्न' या खुणा डार्करूममधल्याच आहेत, प्रकाश अडवणे आणि वाढवणे. पुढे २००० मध्ये शरीराचा आकार हवा तसा ढकलण्याची सोय आली आणि २००२ मध्ये डाग मिटवणारा ब्रश. काकांना एका चेहऱ्याला सकाळची उन्हे पुरत नसत, ते काम मिनिटावर आले.

त्याआधीही मोठी मासिके काही मागे नव्हती. नॅशनल जिओग्राफिकने १९८२ मध्ये मुखपृष्ठ उभे बसावे म्हणून गीझाचे पिरॅमिडच जवळ सरकवले! १९८९ मध्ये अमेरिकेतल्या 'टीव्ही गाइड'ने ऑप्रा विन्फ्रीचे डोके ॲन-मार्ग्रेट या नटीच्या धडावर बसवले. २००३ मध्ये केट विन्स्लेटने 'जीक्यू' मासिकाने आपले पाय बारीक केल्याबद्दल जाहीर नाराजी दाखवली. तिचे मला कौतुक वाटते. २००६ मध्ये 'डव्ह'ने एका मुलीचा चेहरा मेकअप आणि कॉम्प्युटरने कसा बदलत जातो याची मिनिटभराची फिल्म काढली, ती जगभर गाजली. फिल्म चांगलीच आहे. फक्त 'डव्ह' आणि 'फेअर अँड लव्हली' यांचा मालक एकच होता, एवढे ध्यानात ठेवून ती बघावी.

कायदेही झाले. ब्रिटनमध्ये २०११ साली जो स्विन्सन या खासदारबाईंच्या तक्रारीवरून ज्यूलिया रॉबर्ट्स आणि क्रिस्टी टर्लिंग्टन यांच्या प्रसाधनांच्या दोन जाहिराती थांबवल्या गेल्या. इस्राएलने २०१२ मध्ये कायदा केला. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलचे शरीर फोटोत बारीक किंवा जाड केले असेल तर 'दुरुस्त केलेला फोटो' असे छापावे लागते, नाहीतर ३७,५०० युरो दंड, आणि तो जाहिरातीच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतो. पण हा नियम आकारापुरता आहे, रंग उजळला तर त्याला हरकत नाही. ताईच्या फोटोला फ्रान्समध्येही काही झाले नसते! नॉर्वेने २०२२ पासून आकाराबरोबर त्वचाही धरली, ते मला अधिक शहाणपणाचे वाटले. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये, सावळी माणसे दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नयेत असे नियम केले. परिषद ही जाहिरात व्यवसायाचीच संस्था आहे, त्यामुळे तिचा वचक जेवढ्यास तेवढा. लग्ने जुळवणाऱ्या 'शादी डॉट कॉम'ने रंगावरून स्थळ निवडण्याची सोय २०२० च्या जूनमध्ये काढली, तीही लोकांनी मागणी केल्यावर.

बरे, 'हा फोटो दुरुस्त केला आहे' असे छापून उपयोग होतो का? मला वाटत होते होत असणार. ऑस्ट्रेलियात मारिका टिगमन यांनी यावर बरेच प्रयोग केले. अशी सूचना वाचूनही मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल वाटणारी नाराजी कमी होत नाही असेच त्यांना आढळले. शिक्षिका म्हणून मला याचे फार नवल वाटले नाही. फळ्यावर 'चूक' असे लिहून त्याखाली चुकीचे शुद्धलेखन मांडले तरी मुलांच्या वहीत तेच उतरते, हा माझा अनुभव आहे.

नातेवाइकांना एक विनंती. माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत आजी-पणजीच्या काळच्या काचेच्या निगेटिव्ह असतील तर त्या फेकू नका. काच कडेने धरा, बोटे मध्ये लावू नका, आणि खिडकीच्या उजेडात थोडी तिरकी करून चेहऱ्यावर नजर टाका. टचिंग झाले असेल तर त्या स्वल्पविरामाएवढ्या रेघा चकाकताना दिसतील. डोळ्यांखाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि कपाळावर आधी पाहा, तिथे हात सर्वांत जास्त फिरलेला असतो. कुणाला सापडल्या तर मला जरूर कळवा.