अबोध मन व चित्रकला

स्वप्ने, भास व अवचित स्फुरणाऱ्या प्रतिमा यांना दृश्यरूप देण्याची प्रवृत्ती कलेत प्राचीन असली, तरी तिला सैद्धांतिक अधिष्ठान लाभले ते सिग्मंड फ्रॉइड याच्या स्वप्नमीमांसेमुळे (१९००). १९२४ मध्ये आंद्रे ब्रताँ या फ्रेंच कवीने अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि माक्स अर्न्स्ट, साल्व्हादोर दाली प्रभृतींनी ही प्रवृत्ती चित्रकलेत रुजविली. भारतात रवींद्रनाथ टागोर हे हस्तलिखितांतील खोडाखोडीला आकार देता देता चित्रकलेकडे वळले. १९३० मध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन पॅरिस येथे भरले.

महाराष्ट्रात या प्रवृत्तीचा स्वतंत्र आविष्कार प्रभाकर बरवे (१९३६–९५) यांच्या चित्रांत आढळतो. त्यांचा जन्म कोकणातील नागाव (जि. रायगड) येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९५९ मध्ये पदविका घेतल्यावर ते विणकर सेवा केंद्रात रुजू झाले. वाराणसी येथील वास्तव्यात (१९६१–६५) तांत्रिक प्रतीकांशी त्यांचा परिचय झाला व त्यांची छाया त्या काळातील चित्रांवर पडली. त्यापूर्वीच्या चित्रांत पाउल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा प्रभाव जाणवतो.

पुढे मात्र प्रतीकांची जागा नित्याच्या वस्तूंनी घेतली. पान, शिंपला, घड्याळ, ढग असे परिचित आकार ते व्यावहारिक संदर्भातून सोडवून विस्तीर्ण, रिकाम्या अवकाशात मांडतात. वस्तूंचे परस्परप्रमाण बदलते, आकार व छाया यांचे नाते सैल होते आणि ओळखीची वस्तू स्वप्नातल्यासारखी अनोळखी भासू लागते. एनॅमल रंगांच्या सपाट, तुकतुकीत पृष्ठामुळे हा परिणाम अधिक गडद होतो. दालीच्या चित्रांतील धक्का येथे नाही. येथे आहे ती निःशब्दता.

स्वप्नमीमांसेच्या आधारे अशा चित्रांतील प्रत्येक वस्तूचा ठरीव अर्थ लावण्याचा मोह होतो. तथापि बरवे यांच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. त्यांच्या चित्रातील घड्याळ हे कशाचे तरी सांकेतिक नाव नसून, शेजारच्या वस्तूशी व रिक्त अवकाशाशी जुळणाऱ्या नात्यातून त्याला अर्थ प्राप्त होतो. शिवाय अबोधातून आलेली प्रतिमा ते जशीच्या तशी स्वीकारीत नाहीत. दैनंदिनीतील टिपणे व रेखाटने यांतून तिची पारख होत असे. कोरा कॅनव्हास (१९९०) या ग्रंथात त्यांनी निर्मितिप्रक्रियेचे मर्म उलगडले आहे. मराठी संतपरंपरेने ‘जाणीव’ व ‘नेणीव’ ही शब्दजोडी रूढ केली. या दोहोंमधील सीमारेषा हेच बरवे यांच्या कलेचे क्षेत्र होय. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कार्याचे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन भरले होते.