सिटी चर्च, पुणे

सिटी चर्च, पुणे : पुणे शहरातील सर्वांत जुने कॅथलिक चर्च व धर्मग्राम. नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळ. निष्कलंक मरियामातेला समर्पित. पेशव्यांच्या फौजेत चाकरीसाठी आलेल्या गोव्याकडील ख्रिस्ती लोकांसाठी १७९२ मध्ये स्थापना.

स्थापना : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे दरबाराच्या फौजेत पोर्तुगीज मुलखातून आलेले ख्रिस्ती शिपाई व अंमलदार होते. बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी यांसाठी या परमुलखातल्या कुटुंबांना धर्मगुरू आणि मिस्सेची (कॅथलिक उपासनेची) जागा हवी होती. फौजेतील अंमलदार दों मिगेल दी नोरोन्या यांनी ही गरज दरबारापुढे मांडली. सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये नाना पेठेत सुमारे चार एकर जमीन दिली. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तेथे पहिली मिस्सा झाली. आरंभीचे प्रार्थनास्थळ लहान व साधे होते. सध्याची वास्तू १८५२ मधील आहे.

पुढील काळ : १८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांची लष्करी छावणी वाढली, तसे नवे ख्रिस्ती स्थलांतरित पुण्यात आले. ब्रिटिश फौजेतील आयरिश कॅथलिक सैनिकांसाठी १८५० मध्ये सेंट पॅट्रिक चर्च उभे राहिले. गोव्याच्या परंपरेतील जुने चर्च ‘सिटी’चे आणि आयरिश सैनिकांचे चर्च छावणीचे, अशी विभागणी त्यातून रुळली. १ सप्टेंबर १८८६ रोजी पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. जर्मन जेझुइट बर्नार्ड बायडरलिंडन हे त्याचे पहिले बिशप. धर्मप्रांताचे कॅथेड्रल होण्याचा मान सेंट पॅट्रिक चर्चला मिळाला.

महत्त्व : वसईची मोहीम १७३९ मध्ये संपली, तेव्हा मराठे आणि पोर्तुगीज एकमेकांचे शत्रू होते. त्यानंतर जेमतेम त्रेपन्न वर्षांनी पोर्तुगीज मुलखातून आलेल्या चाकरमान्यांना पेशव्यांनी स्वतःच्या राजधानीत चर्चसाठी जमीन दिली. दूरदेशीच्या माणसाला चाकरीत ठेवायचे, तर त्याच्या धर्माचीही सोय राज्याने पाहावी, ही जाणीव या देणगीमागे दिसते. पुण्याच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास इंग्रजी अमलापासून नव्हे, पेशवाईपासून सुरू होतो, याचा हे चर्च ठळक पुरावा आहे.