दापुरीची बाग

पुण्याहून मुंबईच्या वाटेस लागलें, कीं खडकीच्या पुढें मुळा नदी ओलांडून आपण दापोडीस येतों. लोकल गाडी येथें क्षणभर थांबते आणि पुढें जाते. या गर्दीच्या ठिकाणीं उतरून पाहावें असें कांहीं असेल, हें उतारूंच्या मनांतही येत नाहीं. तथापि मुंबईचे गव्हर्नर एके काळीं पावसाळ्यांत ज्या बंगल्यांत राहत, तो याच गांवीं नदीकांठीं होता. जुन्या इंग्रजी कागदांत या गांवास 'दापुरी' म्हटलें आहे.

बंगला बांधला तो कॅप्टन फोर्ड यानें. दुसऱ्या बाजीरावानें उभारलेल्या कवायती पलटणीचा हा सेनापति. पगार पेशव्यांचा, पण निष्ठा कंपनीची! 5 नोव्हेंबर 1817 रोजीं खडकीची लढाई जुंपली, तेव्हां हीच पलटण दापोडीहून निघून इंग्रजांस जाऊन मिळाली. पेशवाई बुडाल्यावर, 1828 सालीं, गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें ही जागा सरकारासाठीं घेतली व तेथें वनस्पतींची बाग स्थापन केली.

ही बाग केवळ साहेबलोकांच्या विरंगुळ्याची राहिली असती, तर आम्हीं तिची आठवण काढली नसती. परंतु 1838 पासून ती डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या हातीं आली. येथें परदेशचीं रोपें रुजवून पाहिलीं जात व औषधी वनस्पति वाढविल्या जात. डोंगर उघडे बोडके झाले म्हणजे झरे आटतात आणि वाहून आलेल्या मातीनें खाड्या भरतात, हें गिब्सन सरकारास वारंवार बजावीत. 1847 सालीं ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, आणि 1861 सालीं डाल्झेल यांच्यासह त्यांनीं या इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थात् जंगलावर सरकारी हुकमत बसली ती रयतेस नेहमींच सुखाची झाली, असें नाहीं. तरी वृक्ष आणि पाणी यांचें नातें त्यांनीं ओळखलें, हें मान्य केलेंच पाहिजे.

1847 ते 1850 या काळांत गिब्सन यांनीं बागेंतील वनस्पतींचीं चित्रें एका हिंदी चित्रकाराकडून काढविलीं. तीं आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानांत आहेत, आणि 2002 सालीं हेन्री नोल्टी यांनीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. पान, कळी, फूल, फळ, सर्व कांहीं त्यांत जपलें आहे. नाहीं तें फक्त चित्रकाराचें नांव. ज्या माळ्यांनीं तीं झाडें पाणी घालून जगविलीं, त्यांचीही तीच गत.

पुढें सर बार्टल फ्रियर यांनीं 1864 सालीं गणेशखिंडीस नवा राजवाडा आरंभिला. गव्हर्नर तिकडे गेले, बागही तिकडे नेली, आणि दापुरीचें वैभव मावळलें. गणेशखिंडीचा तो वाडाही 1949 पासून पुणें विद्यापीठाचा झाला.

सत्ता गेली, बाग गेली; उरलें तें एका अनामिकाच्या हातचें काम. माल्कमचें नांव इतिहासांत आहे, गिब्सनचें शास्त्रांत आहे. पण ती बाग आज पाहावयाची असेल, तर त्या अनामिकाच्याच डोळ्यांनीं पाहावी लागते. हें ऋण आमच्या इतिहासलेखकांनीं अद्याप फेडावयाचें आहे. दापोडीस गाडी थांबेल तेव्हां वाचकांनीं नदीकडे पाहून त्याचें एकवार स्मरण करावें, एवढीच आमची विनंति आहे.